केशवाचं वय

तिसऱ्या खेपेलाही आकडा तोच आला, तेव्हा डॉ. शरयू लोवलेकरांना आधी यंत्राचा संशय आला, मग स्वतःचा, आणि मग दाराबाहेर चटईवर बसलेल्या माणसाचा.

यंत्राचं नाव स्मृतिमापी. पुण्यात, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या काललेख प्रयोगशाळेच्या अंधारखोलीत ते गेल्या वर्षीच उभं राहिलं होतं. खोलीत एकच मिणमिणता तांबडा दिवा. टेबलावर काळ्या मखमलीत खारगुळ्याचा श्रीकेशव आडवा निजवलेला. जेमतेम दीड वीत उंची, काळा कुळकुळीत दगड, चार हात, ओठांवर किंचित हसू. त्याची बैठक, म्हणजे तळाचा भाग, यंत्राच्या तोंडाला लावलेली.

"दोन लाख सहा हजार वर्षं," इम्तियाज फणसोपकरनं पडद्यावरचा आकडा वाचला. हा मूळचा रत्नागिरीचा, प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांचा वैद्य. "मॅडम, त्या काळात माणूस असलाच तर दगडानं दगड फोडत होता. त्याच्याकडे शंख-चक्र-गदा-पद्म कोरायला वेळ होता असं वाटत नाही."

"यंत्र पुन्हा तपास."

"दोनदा तपासलं. यंत्र खोटं बोलत नाहीये."

"मग दुसरं कुणीतरी बोलतंय," शरयू म्हणाल्या.

प्रश्न सोपा होता, निदान काल दुपारपर्यंत तरी. परदेशातल्या एका लिलावाच्या यादीत हुबेहूब खारगुळ्याच्या केशवासारखी मूर्ती झळकली. गावच्या देवस्थानाचे अध्यक्ष आबासाहेब देवळेकर यांनी लगोलग तक्रार केली की खरा देव गेला, देवळात आहे तो नकली. आणि देवाला हात लावायचा हक्क फक्त गुरवाला, तेव्हा बदलला असेल तर त्यानंच. मूर्ती खरी असेल तर बैठकीचं वय तीनशे तीस वर्षांच्या आसपास निघायला हवं होतं. तेवढी जुनी तिच्या स्थापनेची नोंद होती. नकली असेल तर फार तर दहा-पंधरा वर्षं. दोन लाखांचा खण कुणाच्याच कपाटात नव्हता.

दार हळूच वाजलं. जाड काळ्या पडद्याआडून आवाज आला, "बाई, येऊ काय? तुळस वाहायची राहिली."

भिकाजी गुरव. साठीचा, सडसडीत, कमरेला धुवट पंचा. निघण्याआधी गावात कलाकर्षणाचा विधी झाला होता, म्हणजे मूर्तीतलं देवपण काढून कलशात ठेवलं होतं आणि तो कलश देवळातच होता. तरी हा गडी मूर्तीबरोबर एसटीनं पुण्याला आला. "देव कलशात आहे ते ठाऊक आहे हो," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, "पण चाळीस वर्षांची सवय. सकाळी पाणी घातल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही." शरयूंनी त्याला रोज सहा वाजता रखवालदाराला घेऊन आत यायची परवानगी दिली. तो तांबड्या उजेडात पाणी घाली, गंध लावी, आणि खालच्या पट्टीत एखादं पद म्हणे. तेवढ्यासाठी शरयू गेले दोन दिवस सकाळी लवकर येत होत्या. कीर्तन हा त्यांचा जीव की प्राण. दर एकादशीला त्या सगळी उपकरणं बंद करून कुठल्यातरी देवळाच्या खांबाला टेकून बसलेल्या असायच्या. आणि भिकाजीच्या गळ्यात ती कीर्तनातली आर्तता होती. म्हणूनच त्याच्यावर संशय घेणं त्यांना जड जात होतं.

"या. पण देवाला हलवू नका."

त्यानं तुळस वाहिली. यंत्राकडे बघत विचारलं, "हे काय मोजतं हो? देवाचं वय म्हणता, पण दगडाला कसलं वय? तो डोंगरात होताच की आधी."

शरयूंना प्रश्न आवडला. "बरोबर. दगडाचं नाही, बैठक अंधारात गेल्यापासूनचा काळ मोजतो आम्ही. कीर्तन रंगलंय असं समजा. देऊळ म्हणजे हा दगड. जमिनीतून, आकाशातून अदृश्य किरणं सारखी येत असतात, फार थोडी, पण न थांबता. ती दगडातल्या इलेक्ट्रॉनांना धक्का देतात. धक्का बसलेला इलेक्ट्रॉन जाऊन एका बारीकशा खळग्यात बसतो, जसा एकेक श्रोता येऊन सतरंजीवर बसतो. अंधार असेपर्यंत जागचा हलत नाही."

"आणि उजेड पडला की?"

"आरतीचं तबक फिरलं की काय होतं?"

"सगळे उठतात," भिकाजी हसला.

"तसंच. ऊन लागलं की वरच्या थरातले सगळे खळगे रिकामे. पाथरवटानं बैठक उन्हात घडवली तेव्हा सतरंजी रिकामी झाली. मग देव गाभाऱ्यात बसला, बैठकीखाली अंधार, आणि श्रोते पुन्हा यायला लागले. आज किती बसलेत ते मोजलं की कीर्तन किती वेळ चाललंय ते कळतं. तांबड्या दिव्यात तेवढा जोर नसतो, म्हणून आम्ही तांबड्यात काम करतो."

"आमच्याकडे पूर्वीपासून सांगतात," भिकाजी म्हणाला, "केशवाच्या बैठकीला उजेड दाखवायचा नाही. दाखवला तर गावावर कोप. कधी काळी उचलायचा झाला तर समया झाकून, काळ्या घोंगडीत. आता इकडे आणतानाही तसाच आणला."

"त्या नेमापायीच आम्हाला काहीतरी वाचायला मिळालं, काका," इम्तियाज म्हणाला.

"काय वाचलंत?"

शरयू वहीत बघायला लागल्या, इम्तियाज यंत्राच्या बटणांत. भिकाजीनं आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, मूर्तीला हात जोडले आणि निघून गेला. चाल मात्र आल्यासारखी सरळ नव्हती.

दुपारी आबासाहेबांचा फोन आला. आवाज गोड, तूप लावलेला. "काय म्हणतोय आमचा खोटा देव?"

"उद्या अकरा वाजता दोन्ही पक्षांसमोर मोजणी होईल. तोच आकडा अहवालात जातो."

"अहो, अंदाज तरी? शनिवारी सभा आहे. गुरवाची सेवा काढून घ्यायचा ठराव तयार आहे, मग पोलीस. सात पिढ्यांची सेवा, आणि त्यानं देव विकावा! मला रात्र-रात्र झोप नाही." मग जरा थांबून, "तुमच्या अहवालात 'नकली' हा शब्द स्पष्ट असू द्या. गोलमाल शास्त्रीय भाषा नको."

शरयूंनी फोन ठेवला. शब्द आधीच ठरवून आलेला तक्रारदार त्यांना कधीच आवडत नसे. पण न आवडणं म्हणजे पुरावा नव्हे.

"मॅडम," इम्तियाज चहाचे दोन कप घेऊन आला, "मी एक विचार करतोय. समजा, कीर्तनाला लोक एकेक करून आलेच नाहीत. समजा, दाराशी एसटी येऊन थांबली आणि दोनशे माणसं एकदम उतरली?"

शरयूंनी कप खाली ठेवला. "म्हणजे वर्षं नाहीत. मात्रा."

"दगड वर्षं मोजतच नाही. किरणं मोजतो. वर्षं आपण काढतो, भागाकार करून. वर्षाला किरणांची मात्रा दोन मिलिग्रे धरली म्हणून दोन लाख. भागाकार पुसून टाका. काय उरतं?"

"चारशे बारा ग्रे." त्या उठून फळ्याशी गेल्या. "एकदम बसलेले. कुठून?"

"विमानतळावर सामान तपासतात ते?"

"क्ष-किरणच, पण चिमूटभर. छातीचा फोटो काढला तर एका ग्रेचा दहा हजारावा भाग. आयुष्यभर रोज काढलास तरी पोचणार नाहीस."

"कुणी ओव्हनमध्ये ठेवली?"

"ओव्हनच्या सूक्ष्मलहरी पाण्याला नाचवतात, त्यांनी इलेक्ट्रॉन उपटला जात नाही. मोबाइल, वायफाय, टीव्हीचा रिमोट, सगळी त्याच घराण्यातली गरीब भावंडं. त्यांच्या धक्क्यानं कुणी खळग्यात पडत नाही. आपल्याला हवेत गामा किरण. कर्करोगाच्या रुग्णाला महिनाभरात सगळे मिळून साठ-सत्तर ग्रे देतात."

"कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून?"

"तेही साठ ते नव्वद. मसाले जंतुमुक्त करतात ते सहा हजारांच्या वर, आणि दवाखान्यातल्या सुया, कापूस, त्यांना पंचवीस हजार." शरयूंचा खडू थांबला. फळ्यावर नव्वद आणि सहा हजार यांच्यामध्ये मोकळी जागा होती.

इम्तियाज त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला. "मॅडम, मी रत्नागिरीचा, आणि मला सुचू नये! आंबा. परदेशात जायचा तर कोयीतले किडे मारायला गामा किरणांखालून काढावा लागतो. कमीत कमी चारशे ग्रे. आमच्या गल्लीतलं पोरगंसुद्धा सांगेल."

शरयूंनी मोकळ्या जागेत चारशेचा आकडा लिहिला.

"म्हणजे केशव आंब्याच्या खोक्यातून विकिरण केंद्रात गेला होता," शरयू सावकाश म्हणाल्या. "आणि आंबा देशाबाहेर जातो, बाहेरून आत येत नाही. बाहेर पाठवायला काढली ती मूर्ती खरीच असणार. नकली देव कोण लपवून नेईल? हा केशव खरा आहे, इम्तियाज. चोरीला गेला आणि परत आला. जाताना-येताना बैठकीला कुणी उजेड दाखवला नाही, म्हणून सगळं जसंच्या तसं लिहिलेलं राहिलं."

"चोरानंही नेम पाळला?"

"चोरालाही कोपाची भीती असते. पण चोर कोण? आणि परत आणला कुणी?"

इम्तियाजचा चेहरा उतरला. "सांगावं की नको कळत नाही. काल जेवताना गुरवकाका मुलीचं कौतुक करत होते. दर्शना. आठ वर्षं झाली तिला नोकरीला." तो अडखळला. "आंब्याच्या विकिरण केंद्रात. खोकी तपासते."

शरयूंना धागा जुळताना दिसला. बाप गाभाऱ्यात, मुलगी केंद्रात. देव काढणारे हात आणि देव बाहेर पाठवणारे हात एकाच घरात. सौदा फिसकटला असेल, म्हणून परत आणून ठेवला असेल. ते पद, ती तुळस, ती पाण्यावाचून चहा न उतरणारी सवय, सगळं डोळ्यांसमोर वेगळंच दिसायला लागलं.

त्यांनी भिकाजीला बोलावलं. आडपडदा ठेवला नाही. आकडा सांगितला, आंब्याचं सांगितलं. "उद्या अकरा वाजता हेच दोन्ही पक्षांसमोर निघेल. मग केंद्राच्या नोंदी तपासल्या जातील. कुठल्या दिवशी, कुठलं खोकं, कुणाच्या पाळीला. तुम्हाला काही सांगायचंय?"

भिकाजीनं फळ्याकडे पाहिलं. "दगड नाव पण सांगतो काय?"

"नाव नाही सांगत. वाट सांगतो. वाटेवर कोण उभं होतं ते माणसं शोधतात."

"असं," तो म्हणाला. "असं." आणि नमस्कार करून निघून गेला. आपल्या बचावाला एक शब्दही बोलला नाही. शरयूंनी मनात त्याच्या नावापुढे खूण केली आणि रात्रभर ती खूण त्यांना टोचत राहिली.

सकाळी साडेनऊला त्या प्रयोगशाळेत पोचल्या, तर पूर्वेच्या पायऱ्यांवर भिकाजी मांडी घालून बसलेला. मांडीवर केशव आडवा. काळी घोंगडी बाजूला पडलेली. आणि बैठक, तीनशे वर्षं ज्या बैठकीला उजेड दाखवला नव्हता ती, सरळ सूर्याकडे.

रखवालदार हात चोळत उभा होता. "मॅडम, सहाला पूजेला गेले, बाहेर येऊन बसले. मी म्हटलं आत चला, तर म्हणाले देवाला ऊन दाखवायचंय. देवाचं काम, मी कसा अडवू?"

"तीन तास," शरयूंनी घड्याळ पाहिलं. "तीन तास! भिकाजी, हे काय केलंत तुम्ही?"

"आरतीचं तबक फिरवलं," तो म्हणाला. डोळे लाल होते. "आता सतरंजी रिकामी ना?"

"रिकामी! यंत्र आता शून्य दाखवेल. शून्य म्हणजे नवी मूर्ती. आबासाहेबांना हवं तेच! कालचा आकडा होता तसा राहिला असता, तर निदान..." आणि त्या वाक्याच्या मध्यावरच थांबल्या.

निदान मूर्ती नवी नाही एवढं तरी दिसलं असतं. कालच्या आकड्यानं गुरवाचं काहीच बिघडत नव्हतं. मूर्ती अदलाबदलीचा आरोप त्यानं उडून जात होता. चोर स्वतःच्या हातानं स्वतःच्या बचावाचा कागद फाडत नाही. फाडतो तो दुसऱ्या कुणासाठी. त्या पायरीवर त्याच्या शेजारी बसल्या.

"दर्शनासाठी केलंत?"

भिकाजीनं पंच्यानं नाक पुसलं. मग सांगायला लागला. सहा वर्षांपूर्वी आबासाहेबांनी वज्रलेपाचं काम काढलं. दगडाची झीज भरायची म्हणून आठ दिवस गाभारा बंद, गुरवालाही मज्जाव. नवव्या दिवशी त्यानं पहिलं स्नान घातलं. "ऊन पाणी घातलं की केशव ऊब धरतो बाई, घटकाभर. त्या दिवशी धरीना. पाणी गेलं की गार. चाळीस वर्षं हा तळवा त्याच्यावरनं फिरलाय, मला काय डोळे लागतात ओळखायला? तो देव नव्हता, ओतीव बाहुली होती."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? देवस्थान आबासाहेबांचं, पोलीस त्यांच्या पंगतीला. पण त्याच आठवड्यात त्यांच्या बागेचे आंबे परदेशी पाठवायला केंद्रात गेले होते. पोरीला म्हटलं, बघ. किरणांखालून निघालेल्या खोक्यांत एक भलतं जड लागलं. शिक्का मारलेलं सरकारी खोकं बाई, ते उघडलं म्हणजे नोकरी गेली, वर खटला. तिनं उघडलं. आतला काळ्या प्लास्टिकचा गठ्ठा काढला, मी नेलेली बाहुली त्याच्या जागी ठेवली. मी समया झाकून देव जागेवर बसवला. सहा वर्षं आम्ही दोघं हे पोटात घेऊन जेवतोय. तिला दोन पोरं, नवरा आजारी. माझी सेवा गेली तर जाऊ दे. माझ्याकडे उरलीत किती वर्षं?"

 शरयूंनी घोंगडी उचलून केशवाभोवती गुंडाळली, आता तिचा काही उपयोग नव्हता तरी.

अकराच्या ठोक्याला आबासाहेब आले. पांढरं स्वच्छ धोतर, बोटात पुष्कराज. बरोबर दुसऱ्या विश्वस्त पाथरेबाई, गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या.

मोजणी झाली. शून्य. शरयूंनी जे घडलं ते स्पष्ट सांगितलं: बैठकीला सकाळी ऊन लागलं, त्यामुळे हे यंत्र आता मूर्तीच्या वयाबद्दल काहीच सांगू शकत नाही. खरी की खोटी, दोन्ही बाजूंनी शून्य.

"ऊन लागलं? लागलं की लावलं?" आबासाहेब उसळले. "बघा पाथरेबाई, पुरावा पुसला यानं! आणि आता हे 'सांगता येत नाही' म्हणणार, सभेत हा सुटणार!"

"संशयाचा फायदा द्यावा लागेल," पाथरेबाई म्हणाल्या.

"का म्हणून? वय नसेल सांगत तर आतलं बघा! क्ष-किरण आहेत ना तुमच्याकडे? काढा फोटो. आत्ता, सगळ्यांसमोर."

"काढता येईल," शरयू म्हणाल्या. "पण आमचा एक शिरस्ता आहे. फोटोत काय दिसायला हवं ते मागणाऱ्यानं आधी स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं. नाहीतर मग प्रत्येकजण फोटोत आपल्या सोयीचं बघतो. आणि नुसतं 'नकली' लिहून भागत नाही. खुणेनं लिहा."

"लिहितो की. खुणेनंच लिहितो, म्हणजे पुन्हा कुणाला फाटे फोडता यायला नकोत." संताप आणि खात्री एकाच वेळी झाली की माणसाचा हात भराभर चालतो. आबासाहेबांनी चार ओळी खरडल्या, खाली झोकदार सही केली, आणि कागद पाथरेबाईंच्या हातात दिला.

इम्तियाजनं मूर्ती क्ष-किरणांच्या पेटीत ठेवली. हे किरण विरळ वस्तूतून आरपार जातात आणि घट्ट वस्तूपाशी अडतात, म्हणूनच मांसाआडचं हाड दिसतं. तसंच दगडाआडचं लोखंड दिसतं. पडद्यावर केशव उमटला. एकसंध, घट्ट, डोक्यापासून बैठकीपर्यंत एकच दगड. पोटातून तिरकी गेलेली एक फिकट रेघ तेवढी, दगडाची जन्मजात शीर. बाकी काही नाही.

"यंत्र बिघडलंय," आबासाहेब म्हणाले.

इम्तियाजनं शांतपणे स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा पेटीत ठेवला. पडद्यावर पाचही किल्ल्या लख्ख दिसल्या, दातांसकट. "यंत्र बरं आहे, साहेब."

पाथरेबाईंनी चष्मा वर सरकवला आणि कागद मोठ्यानं वाचला. शाळेत वाचावा तसा, शब्द सुटा करून. "'मूर्ती दगडाची भुकटी व राळ यांची ओतीव आहे. आत करंगळीएवढी लोखंडी सळई आहे. ती उजव्या पावलातून निघून छातीपर्यंत जाते व वरचं टोक डावीकडे वाकवलेलं आहे.'" त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"नकली मूर्तीत असतेच सळई. मी आपला अंदाजानं लिहिलं."

"आबासाहेब, मी छत्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. चुकीचं उत्तर दोन तऱ्हेचं असतं. काही येत नसलेल्या मुलाचं असतं, ते गोल-गोल असतं. दुसरं असतं ते दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर. ते असं असतं. नेमकं." त्या जराही आवाज न चढवता बोलत होत्या. "अंदाजानं माणूस सळई लिहील. टोक डावीकडे वाकलेलं लिहिणार नाही. ही सळई आहे, फक्त या मूर्तीत नाही. मग कुठल्या मूर्तीत आहे?"

 आबासाहेब बोटातली पुष्कराजाची अंगठी फिरवत राहिले.

"तुम्ही सांगू नका, चालेल. त्या लिलाववाल्यांना मी आजच पत्र लिहिते. त्यांच्याकडच्या केशवाचाही असाच फोटो काढून पाठवा म्हणावं. सोबत हा कागद जोडते. टोक डावीकडे निघालं, तर अक्षर कुणाचं ते पोलीस विचारतीलच." त्यांनी कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, चेन ओढली. "आणि शनिवारची सभा होईल. ठराव तेवढा बदलावा लागेल."

आबासाहेब गेले ते निरोप न घेता. 

"मॅडम," इम्तियाज हळू आवाजात म्हणाला, "चाचपणीच्या वहीतले ते तीन आकडे?"

"राहतील. खरे आहेत ते. दगडानं चारशे बारा ग्रे खाल्ले असं लिहिलंय. कुठं खाल्ले ते दगडानं सांगितलेलं नाही, तो आपला तर्क." त्यांनी वही मिटून हातात घेतली. "मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण मूर्ती खरी की खोटी याचं उत्तर आता त्या वहीवाचून मिळालंय. आंब्यापर्यंत जायचं कुणाला कारण उरलं नाही."

भिकाजी अजून पेटीपाशी उभा होता. त्यानं केशवाला दोन्ही हातांनी बाहेर काढलं, तळवा छातीवरून एकदा फिरवला, आणि घोंगडीत घेतलं.

"बाई, एक विचारू? आता जर कुणी मोजलं, तर याचं वय किती निघेल?"

"आजपासून सुरू होईल. आज शून्य दिवस."

"शून्य दिवस," भिकाजी म्हणाला. तो दोन क्षण मूर्तीकडे बघत राहिला, मग त्याचा चेहरा असा काही उजळला की शरयूंना जन्माच्या कीर्तनात गुलाल उधळताना बुवांचा चेहरा दिसतो तसा दिसला. "मग बाई, आजच जन्मलेल्या बाळाला असा एसटीत कसा बसवू? आधी पाळणा म्हणायला हवा."

आणि तिथंच, क्ष-किरणांच्या पेटीला पाठ टेकून, त्यानं खालच्या पट्टीत सूर लावला. दुसऱ्या ओळीला पाथरेबाईंनी साथ धरली. शरयूंनी हातातली वही खाली ठेवली आणि टाळ्यांचा ठेका दिला.